मॉड फाइलीत हात दिसतो: दुसऱ्यांची गाणी उघडून ट्रॅकर संगीत कसं शिकावं

माझे आबा अंबाजोगाईच्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवतात. लहानपणी मी शिकायला बसलो तेव्हा त्यांनी मला समोर बसू दिलं नाही. "समोरून हात उलटा दिसतो. बाजूला बस आन् बघ," म्हणाले. पहिले कित्येक दिवस मी फक्त त्यांचे हात बघितले: पंजा कधी उघडा पडतो, बोटं कधी दाबून बसतात, डावा हात कधी गप्प राहतो. बोल नंतर आले.

ट्रॅकर म्हणजे छोटे रेकॉर्ड केलेले आवाज ओळी-रकान्यांच्या तक्त्यात मांडून गाणं बनवायचा संगणक प्रोग्राम. ट्रॅकर संगीताकडे वळलो तेव्हा हीच गोष्ट मला नव्यानं सापडली. बाकी कुठल्याही रेकॉर्ड केलेल्या गाण्यात आपल्याला तयार आवाज मिळतो, वाजवणाऱ्याचा हात मंडपाच्या आत राहतो. ट्रॅकरच्या फाइलीत मात्र वाद्यांचे आवाज, प्रत्येक सूर, त्याची पट्टी, त्याला दिलेली प्रत्येक आज्ञा हे सगळं उघडं असतं. गाणं, त्याची लिपी आणि त्याची वाद्यं एकाच फाइलीत. रचनाकाराच्या शेजारी बसून त्याचा हात बघावा तसं हे आहे. म्हणून या क्षेत्रात शिकायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे दुसऱ्याचं गाणं उघडणं. ते कसं उघडायचं, कुठे बघायचं आणि बघितलेलं आपल्या हातात कसं उतरवायचं, ते इथे सांगतो.

एक अट मात्र आधीच सांगून ठेवतो: एका वेळी एकच गाणं घ्या. मी सुरुवातीला शेकडो गाणी उतरवून घेतली, प्रत्येक पाच मिनिटं उघडून पाहिलं आणि वर्षभरात काहीही शिकलो नाही. मग एकच चार चॅनेलची, म्हणजे एका वेळी चारच आवाज वाजवणारी, मॉड फाइल घेऊन तिच्याबरोबर महिना काढला. त्या महिन्यात जे कळलं त्यावर मी आजही काम करतो.

आधी थोडी ओळख

१९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रामरनं कमोडोर अमिगा संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' लिहिला. अमिगाची ध्वनिचिप एका वेळी चारच आवाज काढू शकत होती, म्हणून चार चॅनेल आले. मूळ प्रोग्राममध्ये १५ सॅम्पल, म्हणजे वाद्यांचे रेकॉर्ड केलेले छोटे आवाज, बसत. पुढे नॉइजट्रॅकर आणि प्रोट्रॅकर आले, सॅम्पल ३१ झाले आणि आज आपण जिला मॉड फाइल म्हणतो ती घडली. नव्वदच्या दशकात पीसीवर स्क्रीम ट्रॅकर ३, फास्टट्रॅकर २ आणि इम्पल्स ट्रॅकर आले. त्यांच्या फाइली अनुक्रमे एस३एम, एक्सएम आणि आयटी. फास्टट्रॅकरमध्ये ३२ चॅनेल, इम्पल्समध्ये ६४.

आज हे सगळे प्रकार विंडोजवर ओपनएमपीटी या मोफत प्रोग्राममध्ये उघडतात. मॉड आणि एक्सएमसाठी मिल्कीट्रॅकरही उत्तम, तो लिनक्स आणि मॅकवरही चालतो. जुन्या मॉड फाइली बहुतेक काही दहा-वीस किलोबाइटपासून काहीशे किलोबाइटपर्यंतच्या असतात, त्यामुळे गावाकडचं रडतखडत चालणारं नेट आणि दहा वर्षं जुना संगणक यांवरही हा अभ्यास आरामात होतो. गाणी मिळवायची तर १९९६ पासून चालू असलेलं 'द मॉड आर्काइव्ह' हे मोठं भांडार आहे.

पहिलं गाणं निवडताना

चार चॅनेलचंच घ्या. ६४ चॅनेलचं गाणं म्हणजे जत्रा: कोण काय वाजवतंय ते कळायच्या आत पुढचं सुरू होतं. चार चॅनेलमध्ये रचनाकाराला प्रत्येक ओळीवर निवड करावी लागते, आणि ती निवड आपल्याला दिसते.

रचनाकार म्हणून नॉर्वेचा योगेर लिलियेडाल, जर्मनीचा जेस्टर म्हणजे फोल्कर ट्रिप आणि फिनलंडचा कॅप्टन म्हणजे मार्कुस कारलोनेन यांच्या चार चॅनेलच्या रचना अभ्यासाला फार चांगल्या. कारलोनेन पुढे पोएट्स ऑफ द फॉल या रॉक बँडचा कीबोर्डवादक झाला. अगदी इवल्या लहरींमधून चिपसारखा आवाज कसा काढतात ते बघायचं असेल तर ब्रिटनचा फोर-मॅट. चारपेक्षा जास्त चॅनेलकडे जायची वेळ येईल तेव्हा फिनलंडच्या फ्यूचर क्रू या गटाचे पर्पल मोशन आणि स्कॅवेन. १९९३ च्या त्यांच्या 'सेकंड रिअॅलिटी' या डेमोचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या चित्र-संगीताच्या कार्यक्रमाचं, संगीत याच दोघांचं.

तुम्हाला आवडणारं गाणं घ्या. महिनाभर ऐकायचं आहे.

पहिले दोन दिवस पडदा बंद

गाणं लावा आणि पडद्याकडे पाठ करून बसा. वही घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की मी मोबाइलवर तेच गाणं लावून वहीत लिहीत बसायचो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त कान तेव्हाच तयार झाला.

काय लिहायचं? कुठे काहीतरी बदललं असं वाटलं ती वेळ. कुठे अंगावर काटा आला ती वेळ. एका वेळी किती वाद्यं वाजताहेत असं वाटतं तो आकडा. हा शेवटचा आकडा जपून ठेवा. चार चॅनेलच्या चांगल्या गाण्यात तुम्ही 'सहा' किंवा 'सात' लिहिलेलं असेल. ती दोन-तीन जास्तीची वाद्यं कुठून आली, हेच पुढचे दिवस शोधायचं आहे.

सांगाडा

आता फाइल उघडा, पण पॅटर्नच्या, म्हणजे गाणं ज्या ओळीओळींच्या तुकड्यांत लिहिलेलं असतं त्यांच्या, आत शिरू नका. आधी ऑर्डर लिस्ट बघा, म्हणजे कोणता पॅटर्न कोणत्या क्रमानं वाजतो ती यादी. ती वहीत आडवी उतरवा आणि आपण लिहिलेल्या वेळा तिच्याखाली बसवा.

त्यासाठी थोडं गणित लागतं. मॉडचा पॅटर्न ६४ ओळींचा. टिक हे ट्रॅकरचं वेळ मोजायचं छोटं माप, आणि स्पीड म्हणजे एका ओळीत किती टिक. काही बदललेलं नसेल तर स्पीड ६ आणि टेम्पो १२५ असतो. टेम्पो १२५ ला एक टिक २० मिलिसेकंदांची, सहा टिकची एक ओळ म्हणजे १२० मिलिसेकंद. चार ओळींचा एक ठोका धरला तर मिनिटाला बरोबर १२५ ठोके येतात, आणि पूर्ण पॅटर्न ७.६८ सेकंदांचा होतो. ३२ पॅटर्न वाजले की गाणं चार मिनिटांच्या जरा पुढे जातं.

हे बसवल्यावर लक्षात येईल की एकच पॅटर्न थोडासा बदलून तीन-चार नावांनी ठेवलेला आहे. असे जुळे पॅटर्न शेजारी शेजारी ठेवून फक्त फरक शोधा. भजनात धृपद तेच राहतं, पण प्रत्येक वेळी टाळकरी काहीतरी वेगळं करतात म्हणून ते शिळं होत नाही. चांगला रचनाकार नेमकं हेच करत असतो. दुसऱ्या वेळी एक हाय-हॅट, म्हणजे ड्रममधल्या झांजेचा ठोका, वाढलेली असते, किंवा शेवटच्या आठ ओळींत बास खाली उतरतो.

एकेक चॅनेल

प्रत्येक ट्रॅकरमध्ये चॅनेल बंद-चालू करता येतात. तीन बंद करा, एक ऐका. पूर्ण गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग दुसरा चॅनेल. याला वेळ द्या, सगळा माल इथेच आहे.

पहिली गोष्ट दिसेल ती म्हणजे चॅनेल आणि वाद्य यांचं लग्न लागलेलं नसतं. एकाच चॅनेलमध्ये किक, हाय-हॅट आणि स्नेअर हे ड्रमचे ठोके आळीपाळीनं येतात. एका चॅनेलवर नवा सूर पडला की आधीचा तिथेच तुटतो, म्हणून स्नेअर पडताना हाय-हॅटची शेपूट कापली जाते. कानाला ते कळत नाही, कारण स्नेअर मोठी असते. कोणाची शेपूट कोणत्या आवाजामागे लपवली आहे, याची एक यादीच करा. मी केली होती तेव्हा पानभर झाली.

दुसरी गोष्ट प्रतिध्वनी. मुख्य सुरावट एका चॅनेलवर पूर्ण जोरात, म्हणजे सी४० या आज्ञेवर, वाजते. ट्रॅकरच्या आज्ञांमधले आकडे बहुतेक हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले, असतात, त्यामुळे ४० म्हणजे आपले ६४, आणि तोच आवाजाचा कमाल आकडा. तीन ओळींनंतर तोच सूर दुसऱ्या चॅनेलवर सी१८ वर, म्हणजे २४ वर, येतो. देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखं वाटतं ते या एवढ्याशा गोष्टीनं. दुसरा चॅनेल मोकळा नसेल तर हुशार मंडळी त्याच चॅनेलमधल्या मोकळ्या ओळींत मंद सूर पेरतात. मूळ सुरावटीत मुद्दाम जागा सोडलेल्या असतात, त्या यासाठी. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो होतो.

हेडफोन लावून ऐकताना दोन चॅनेल पूर्ण डाव्या आणि दोन पूर्ण उजव्या कानात आले तर गडबडू नका. अमिगात पहिला आणि चौथा चॅनेल डावीकडे, दुसरा-तिसरा उजवीकडे असेच जोडलेले होते. ट्रॅकरच्या सेटिंगमध्ये हे अंतर कमी करता येतं, पण अभ्यासापुरतं तसंच ठेवा. रचनाकारानं डावं-उजवं धरूनच वाद्यं वाटलेली असतात.

सॅम्पल: वाद्यांचं कपाट

सॅम्पलची यादी उघडून प्रत्येक आवाज एकटा वाजवा. पहिल्यांदा मूळ पट्टीत, मग दोन सप्तकं वर, मग खाली.

इथे त्या 'सहा-सात वाद्यांचं' अर्धं कोडं सुटतं. काही सॅम्पलमध्ये आधीच पूर्ण कॉर्ड भरलेली असते: सा, कोमल ग आणि प एकत्र वाजवून एकच आवाज केलेला. मग एका चॅनेलमध्ये तीन सूर मिळतात. त्याची किंमतही दिसते. ती कॉर्ड वर-खाली सरकवली तर तिन्ही सूर सारखेच सरकतात, मधला एकटा बदलता येत नाही. जुन्या मॉडमध्ये कॉर्ड एकामागून एक समांतर सरकताना ऐकू येतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. काही ठिकाणी किक आणि बास एकाच सॅम्पलमध्ये मिसळलेले सापडतील.

लूप, म्हणजे सॅम्पलचा परत परत वाजणारा भाग, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बघा. चिपसारख्या आवाजाचं सॅम्पल उघडलं तर एखाद-दुसरीच लहर दिसते, काही वेळा अवघे ३२ बाइट, आणि तीच गोल गोल फिरत राहते. व्हायोलिनसारख्या आवाजात लूपचा सांधा कानाला लागू नये म्हणून केलेली मेहनतही इथेच दिसते.

सॅम्पलची नावंही वाचा. जुनी मंडळी नावांच्या जागी निरोप, आभार, कोणाला गाणं अर्पण केलं ते लिहून ठेवत.

आज्ञांचा रकाना

हा भाग घाईनं उरकू नका. सूर सगळेच लिहितात, गाणं जिवंत होतं ते या रकान्यात.

आधी एक सावधगिरी. मॉड आणि एक्सएममधली अक्षरं एकसारखी आहेत, पण एस३एम आणि आयटीमध्ये वेगळी. मॉडमध्ये 'ए' म्हणजे आवाज हळूहळू वर-खाली नेणं, एस३एममध्ये 'ए' म्हणजे स्पीड. एका फाइलीत शिकलेलं अक्षर दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत तसंच टाकलं तर गाणं भलतीकडेच जातं. खाली मी मॉडची अक्षरं वापरतोय.

०३७ लिहिलेलं दिसलं तर तो अर्पेजिओ. पहिल्या टिकला मूळ सूर, दुसऱ्या टिकला तीन सेमिटोन वर, तिसऱ्याला सात वर: सा, कोमल ग, प. ०४७ असेल तर ग शुद्ध. हे सूर २०-२० मिलिसेकंदांनी फिरतात आणि स्पीड ६ असेल तर एका ओळीत दोन फेऱ्या होतात, म्हणून कानाला कॉर्डचा भास होतो, थोडी थरथर घेऊन. 'सहा-सात'चं उरलेलं कोडं बहुतेक इथे सुटतं.

३ नं सुरू होणारी आज्ञा आपल्याला सगळ्यात जवळची, कारण ती मींड आहे. सॅम्पल पुन्हा सुरू न होता आधीचा सूर नव्या सुराकडे घसरत जातो. मागचे दोन आकडे वेगाचे: ३०४ हळू, ३१० चपळ. आपल्या रचनाकारानं कुठे मींड घेतली आणि कुठे सूर सरळ ठोकला हे ओळीनं लिहून काढा. चांगल्या सुरावटीत प्रत्येक सुराला मींड नसते. गळ्यातही नसते.

४ म्हणजे कंप. पुढचा पहिला आकडा वेगाचा, दुसरा खोलीचा. तो सुराच्या पहिल्या ओळीवर आहे का, की दोन-तीन ओळींनंतर सुरू होतो, ते बघा. गायक सूर लावतो, स्थिर करतो आणि मग हलवतो. उशिरा आलेला कंप माणसासारखा वाटतो.

ए०४ आवाज खाली नेतो. दर ओळीच्या पहिल्या टिकला तो काही करत नाही, उरलेल्या पाच टिकमध्ये चार-चार कमी करतो, म्हणजे ओळीला २०. पूर्ण जोरातला सूर चार ओळींच्या आत विझतो. ए०१ असेल तर तोच सूर विझायला तेरा ओळी लागतात.

९ ची आज्ञा सॅम्पल मधूनच सुरू करते. ढोलाची एखादी लांब फेरी एकाच सॅम्पलमध्ये असेल तर तिचे तुकडे करून नवा ठेका बनवता येतो. आज्ञेतला आकडा एकनं वाढला की सुरुवात २५६ बाइट पुढे जाते.

लय बघायची तर 'एफ' शोधा. एकाआड एक ओळींवर एफ०७ आणि एफ०५ दिसले तर समजा झुलता ठेका आहे: एक ओळ १४० मिलिसेकंद, दुसरी १००, जोडी मिळून पहिल्यासारखीच २४०. यासाठी कुठल्यातरी चॅनेलचा आज्ञेचा रकाना सतत अडकून पडतो, मग तिथे कंप किंवा मींड घेता येत नाही. रचनाकारानं तो भार कोणत्या चॅनेलवर टाकला, हे बघण्यासारखं असतं.

आता या सगळ्यावरचा माझा सगळ्यात आवडता सराव. फाइलीची प्रत करा. त्या प्रतीतल्या एका पॅटर्नमधल्या सगळ्या आज्ञा पुसून टाका, फक्त स्पीड-टेम्पो ठेवा. वाजवा. गाणं किती कोरडं पडतं ते ऐका. मग मूळ फाइल न उघडता, नुसत्या कानावर विसंबून, एकेक आज्ञा परत भरा. शेवटी मूळ पॅटर्नशी ताडून बघा. पहिल्या वेळी माझं निम्म्याहून जास्त चुकलं होतं, पण त्या चुकांनीच मला काय ऐकायचं ते शिकवलं.

आपल्या मातीतले आवाज

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मूळ गाण्याचा सांगाडा ठेवून वाद्यं बदला. हलगी, संबळ, टाळ, तुणतुणं यांच्यातला एकेक ठोका मोबाइलवर रेकॉर्ड करा. खोलीत घुमत असेल तर भिंतीला गोधड्या लावा. हलगी शेकून तापवल्यानंतर लगेच घ्या, थंडावली की कातडं सैल पडून आवाज बसतो. संबळाचे दोन्ही भाग वेगवेगळे घ्या. गोंधळी मंडळींकडून आवाज घेणार असाल तर कशासाठी हवा ते आधी सांगा, परवानगी घ्या आणि बिदागी द्या. त्यांचा तो व्यवसाय आहे.

रेकॉर्डिंग कापताना सुरुवातीची शांतता पूर्ण काढा. २० मिलिसेकंद जरी राहिले तरी ठोका एक टिक उशिरा पडतो. आपल्या तालांसाठी पॅटर्नची लांबीही बदलावी लागेल. आठ मात्रांचा भजनी ठेका ६४ ओळींत सहज बसतो. दादऱ्याच्या सहा मात्रा बसत नाहीत, म्हणून ४८ ओळी घ्या. रूपकाच्या सात मात्रा, मात्रेला चार ओळी, अशी दोन आवर्तनं म्हणजे ५६. एक्सएममध्ये पॅटर्नची लांबीच ठरवता येते. मॉडमध्ये शेवटच्या ओळीवर डी०० लिहून पुढच्या पॅटर्नवर उडी घ्यायची. ओळी शून्यापासून मोजल्या जातात, त्यामुळे ४८ ओळींसाठी ती आज्ञा ४७ व्या ओळीवर येते.

अभ्यासासाठी केलेली ही प्रत स्वतःची रचना म्हणून कुठेही देऊ नका. गाणं मोफत उतरवता येतं म्हणून ते आपलं होत नाही. फाइलीतल्या नावांच्या जागी मूळ रचनाकाराचं नाव लिहून ठेवा. त्याचे सॅम्पलही आपल्या नव्या गाण्यात उचलू नका. शिकायची ती जागा सोडण्याची, शेपूट लपवण्याची, कंप उशिरा आणण्याची पद्धत. ती कोणाच्याही आवाजात वापरता येते.

माझा पहिला असा प्रयोग मी आबांना ऐकवला. हलगी आणि टाळ, चार चॅनेल, आठ मात्रा. त्यांनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली. "टाळ लईच नेमका पडायलाय," म्हणाले. "हलगीच्या अंगावरच पडायलाय. माणसं थोडं मागं ऱ्हातेत रे."

ज्या गाण्याचा मी महिनाभर अभ्यास केला होता त्यात हाय-हॅटच्या काही ठोक्यांवर ईडी१ लिहिलेलं होतं: सूर एक टिक उशिरा वाजवणारी आज्ञा. मी ती वहीत उतरवली होती, पण कशासाठी ते कळलं नव्हतं. टाळाच्या एकाआड एक ठोक्यावर ईडी१ टाकलं, २० मिलिसेकंद, आणि पुन्हा वाजवलं. आबा काही बोलले नाहीत. त्यांचा डावा हात मांडीवर ठेका धरू लागला होता.